उधव्यात समुद्र नाही

“बाई, भाडेकरू तुमचा कोण लागतो?” वकिलीणबाईनं विचारलं.

“भाऊ,” मी म्हटलं.

तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की क्षणभर मीच चौथीच्या वर्गात बसले आहे आणि ही छडी घेऊन उभी आहे असं मला वाटलं. खरं तर उलट होतं. मी गंजाडच्या शाळेत शिकवत असताना ही पुढच्या रांगेत बसायची, सतराच्या पाढ्यावर अडायची आणि अडली की खिडकीतून बापाच्या भाताच्या खाचराकडे बघत राहायची. आता डहाणूच्या कोर्टाजवळ, झेरॉक्सच्या दुकानाला लागून तिचं ऑफिस होतं, अंगावर काळा कोट होता आणि जुन्या बाईंची कसलीही भीड उरलेली नव्हती.

“सख्खा?”

“नाही गं. मानलेला.”

“मग हा मानलेला भाऊ कुठल्या कागदावर तुमच्या घरात राहतो?”

कागद होता, पण अकरा महिन्यांचा होता, आणि ते अकरा महिने संपून पोरं शाळेत जाऊन कॉलेजात पोहोचतील इतकी वर्षं लोटली होती.

झालं होतं असं. आमचं घर डहाणूत, खाडीच्या कडेला. पलीकडे धाकटी डहाणूच्या होड्या दिसतात. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर आणि एक जांभूळ. ह्यांनी पतपेढीचं कर्ज काढून बांधलेलं. गवंड्यावर विश्वास नाही म्हणून रविवारी स्वतः ओळंबा धरून भिंती तपासायचे. मास्तर माणूस, भिंतीलासुद्धा सरळ उभी राहा म्हणायचे. तिथून समुद्र दिसत नाही. पण पश्चिमेच्या खोलीत आडवं पडलं आणि भरती असली की आवाज येतो. त्या घरात आम्ही जेमतेम चार पावसाळे काढले आणि दोघांच्याही बदल्या तलासरी तालुक्यात झाल्या. घर बंद ठेवून वाळवीला कशाला घालायचं, म्हणून फुग्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाला ते भाड्यानं दिलं. बायको, म्हातारी आई, असा त्याचा संसार. बोलायचा मराठी, पण मध्येच गुजरातीचा झोका यायचा. आम्ही उधव्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. म्हणजे डहाणूत आम्ही मालक आणि उधव्यात भाडेकरू.

पहिल्याच दिवाळीत तो मिठाईचा पुडा घेऊन उधव्याला आला. भाऊबीज होती. मला भाऊ नाही. लग्नाआधीही आणि नंतरही मी दर भाऊबीजेला अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. त्या दिवशी तबक तयार होतं, चंद्र उगवायला अवकाश होता आणि दारात हा उभा होता. ह्यांनी थट्टेनं म्हटलं, “घे, आज चंद्र लवकर आलाय.” मी पाट मांडला आणि त्याला ओवाळलं. त्यानंतर तो कधी चुकला नाही. दरवर्षी मिठाई आणायचा आणि सोबत कारखान्यातल्या फुग्यांचं एक पाकीट. आमच्या घरात फुगे फुगवणारं कोणी नाही, हे त्याला कधी सुचायचं नाही. मग हेच बसून दोन-चार फुगवायचे आणि दाराला लावायचे.

आता तुम्हीच सांगा, ज्याला ओवाळलं त्याच्यासमोर स्टँप पेपर कसा ठेवायचा? दुसऱ्या वर्षी करार नवा करायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, “राहू दे, घरचाच माणूस आहे.” तिसऱ्या वर्षी तेवढंही म्हणायची गरज पडली नाही.

हे सगळं ऐकून वकिलीणबाई म्हणाली, “बाई, कायद्यात पाट नसतो.”

आम्ही निवृत्त झालो तेव्हाच घर मागितलं होतं. तो लगेच म्हणाला, “ताई, अखातीला सोडतो.” आमच्या बाजूला अक्षय्य तृतीयेला अखाती म्हणतात; जागा बदलायची, नवं काही करायचं ते त्या दिवशी. पण अखातीच्या आधी त्याची आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. मी बघायला गेले तर म्हातारी उठायची धडपड करत म्हणाली, “आवो बेन, बेसो ने.” माझ्याच घरात मला बसायला सांगत होती, आणि इतक्या मायेनं, की मी आल्या पावली काही न बोलता परत फिरले. पुढच्या अखातीला आम्ही विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या अखातीला त्यानं काढला नाही.

मग २०१४ च्या उन्हाळ्यात ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, त्या बाजूचे हात-पाय गेल्यातच जमा. सिल्व्हासाच्या डॉक्टरांनी तोंडाच्या व्यायामाला फुगे फुगवायला सांगितले. भाऊबीजेची जुनी पाकिटं कपाटात पडलीच होती. मी एकेक फुगा त्यांच्या ओठांना लावायची, तो अर्धवट फुगायचा आणि फुस्स व्हायचा. त्या फुस्सवर आधी आम्ही दोघं हसायचो. नंतर नंतर हसू आटलं.

एक दिवस फुगा बाजूला ठेवून हे म्हणाले, “मला घरी ने.”

“अहो, घरीच आहोत.”

“ह्या खोल्या आहेत,” म्हणाले. “घर डहाणूला आहे.”

नंतर रोज तेच. सकाळी चहा घेताना, दुपारी पंख्याखाली, संध्याकाळी दारात खुर्ची टाकून पूर्वेच्या डोंगराकडे बघताना. डोंगर सुंदर आहेत हो, मी त्यांना नाव ठेवत नाही. पण माणसाला एखाद्या दिशेची भूक लागली की दुसऱ्या दिशेनं तिचं पोट भरत नाही. त्यांना पश्चिम हवी होती. आणि मला काय हवं होतं ते सरळच सांगते: मला ते हवे होते. ओळंबा धरून भिंतीला दटावणारा माझा नवरा मला परत हवा होता, आणि तो त्या घरात गेल्याशिवाय परत यायचा नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं. म्हणून मी कोर्टाची पायरी चढले. शहाण्यानं चढू नये म्हणतात. शहाणपण ह्यांच्याकडे होतं, आणि तेच चढायचं म्हणत होते.

उधव्यातल्या शेजाऱ्यांनी सोपा उपाय सुचवला होता. चार पोरं पाठवा, सामान ओट्यावर काढा, कुलूप बदला. वकिलीणबाईला मी हे सांगितलं मात्र, ती उसळलीच.

“असलं काही केलंत तर तुमच्यावरच उलटेल. कुलूप बदलायचं नाही, विहिरीची मोटर बंद करायची नाही, वीज तोडायची नाही, वर आवाज चढवायचा नाही. आधी नोटीस देऊ, मग दावा. दाव्यात सांगायचं की घर आम्हाला स्वतःला राहायला हवंय आणि खरोखर हवंय.”

“खरोखरच हवंय गं. ह्यांना त्या घराची इतकी ओढ आहे...”

“ओढ नको,” तिनं हात वर केला. “ओढ कोर्टात चालत नाही, बाई. गरज सांगा. उधव्याच्या खोलीला पायऱ्या किती उंच आहेत, संडास बाहेर आहे का, डॉक्टर किती लांब. तो त्याची अडचण सांगेल, तुम्ही तुमची सांगायची. कोणाची जास्त ते जज्जसाहेब बघतील.”

“म्हणजे दोन दुखणी तराजूत घालायची.”

“तसंच.”

दुसऱ्या पारड्यात ‘आवो बेन’ म्हणणारी म्हातारी होती.

नोटीस गेली, उत्तर आलं नाही, दावा दाखल झाला. घर ह्यांच्या नावावर, म्हणून वादी हे. पण धावपळ माझी. उधव्याहून तलासरीपर्यंत जीप, तलासरीहून डहाणूची एसटी, आणि तिथे पोहोचून कळायचं की आज साहेब रजेवर आहेत. तारीख घ्यायची, स्टँडवर वडापाव खायचा आणि उलट्या पावली परत. आपल्याच घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन, घर न बघता माघारी जाणं मला फार जड जायचं. वकिलीणबाईनं तिकडे फिरकायचं नाही असं बजावलं होतं.

आणि मग दिवाळी आली. माझं मन सांगत होतं की यंदा तो येणार नाही. तरी मी तबक घासलं. न आला तर चंद्र कुठे पळून जातोय? दुपार टळल्यावर फटफटीचा आवाज आला. दारात हा उभा, हातात मिठाईचा पुडा आणि फुगे. मला त्याचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की आधी काय करावं ते कळेना. मी पाट मांडला. ओवाळलं. मग निरांजन खाली ठेवून म्हटलं, “आता बोल. लाज नाही वाटत?”

“वाटते ने, ताई,” तो म्हणाला आणि मान खाली घालून करंजी खाल्ली.

तेवढ्यात आतून ह्यांनी हाक मारली. तो ह्यांच्या खाटेजवळ जाऊन बसला आणि ह्यांनी चौकशी सुरू केली. विहीर खारी झाली का? जांभळाला यंदा फळ धरलं? ओट्याची फरशी उखडली होती ती बसवली का? भरतीचं पाणी कुठवर येतं? आणि तो सांगत होता, सविस्तर सांगत होता. “सर, टेन्शन नका घेऊ, पाणी गोडच आहे. जांभळं यंदा शेजारच्या पोरींनी पुरू दिली नाहीत.” हे डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्याची वाकडी बाजूसुद्धा सैल झाली होती. जो माणूस त्यांना त्या घरात जाऊ देत नव्हता, तोच त्यांना खोलीखोलीतून फिरवून आणत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून पदर तोंडात कोंबला.

पुढच्या आठवड्यात तारीख होती. मी भोळेपणानं वकिलीणबाईला सगळं सांगून बसले.

“बाई, तारखेच्या तोंडावर तुम्ही प्रतिवादीला ओवाळलंत?”

“दारात आलेल्याला काय हाकलून देऊ?”

“तो कोर्टात सांगेल ना, की मी भाडेकरू नाहीच, मी घरातला माणूस!”

तिचं म्हणणं खरं ठरलं. त्याच्या वकिलानं दिलेल्या कैफियतीत लिहिलं होतं, की प्रतिवादी हा वादीच्या पत्नीचा मानलेला भाऊ असून दरवर्षी भाऊबीजेस वादीच्या घरी जातो, सबब तो तेथे कुटुंबातील माणूस म्हणून राहत आहे. सबब! माझ्या निरांजनाला साक्षीदार करून ठेवलं होतं. वकिलीणबाई मात्र शांत होती. “पहिला करार आपल्याकडे आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणून त्याच्या वकिलानं हे लिहिलंय, टिकणार नाही,” म्हणाली. मग “पण पुढच्या वर्षी नका ओवाळू,” असंही म्हणाली. पुढच्या वर्षीही तो आला, आणि मी ओवाळलं. मात्र तिला सांगितलं नाही. एवढं शहाणपण मला कोर्टानं शिकवलं होतं.

ह्यांच्या उलटतपासाची तारीख लागली तेव्हा आम्ही त्यांना जीपमध्ये आडवं निजवून नेलं. वकिलीणबाईनं आदल्या आठवड्यात उधव्याला येऊन त्यांची तयारी करून घेतली होती. पायऱ्या, संडास, डॉक्टर, पायऱ्या, संडास, डॉक्टर. हे शहाण्या मुलासारखे म्हणून दाखवत होते. कोर्टात खुर्ची दिली. त्याच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, “सर, उधव्यात तुम्ही इतकी वर्षं राहिलात. दुकानं आहेत, दवाखाना आहे, माणसं ओळखीची आहेत. नेमकं काय नाही तिथे?”

ह्यांनी थोडा विचार केला. मला त्यांचे ओठ हलताना दिसले. पायऱ्या म्हणतील, असं मला वाटलं.

“उधव्यात समुद्र नाही,” हे म्हणाले.

कोर्टात कोणीतरी हसलं. वकिलीणबाईनं डोळे मिटून घेतले.

“म्हणजे समुद्र बघायची हौस आहे म्हणून एका कुटुंबाला घराबाहेर काढायचं?”

“बघायचा नाही,” हे म्हणाले, शाळेत पोराचं चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तसे. “ऐकायचा.”

परत येताना जीपमध्ये मी त्यांच्यावर चिडले. इतकं शिकवलं, इतकं घोकून घेतलं, आणि ऐन वेळी काय हे. ते म्हणाले, “शपथ घेतली होती गं. खरं सांगितलं.” मग तलासरी येईपर्यंत मी त्यांचा चांगला हात तेवढा हातात धरून ठेवला.

२०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. उधव्याच्याच खोलीत, पहाटे, भाताच्या वासाच्या वाऱ्यात. मी फोन केला नव्हता, पण तो आला. कसं कळलं कोण जाणे. खांदा द्यायला पुढे झाला. लोक कुजबुजले, हा तर कोर्टातला समोरचा. मी म्हटलं, “देऊ दे.” वकिलीणबाईही आली होती. तिनं ते पाहिलं आणि ह्या खेपेला मला एका शब्दानं दटावलं नाही.

त्या वर्षी घरात सण नव्हता. तरी भाऊबीजेला तो आला, पाटावर बसला नाही, खाली सतरंजीवर बसला. मी चहा दिला. ह्यांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, तिच्याकडे बघत तो बराच वेळ बसला. घराची चौकशी करणारं आता कोणी नव्हतं.

मग कोर्टात एक अर्ज आला. त्याच्या वकिलानं कोर्टाला लिहून दिलं, की ज्या वादीची गरज होती तो मयत झाला असल्याने गरज संपुष्टात आली आहे, सबब दावा काढून टाकावा. ह्यांच्या मृत्यूनं समोरच्यांची बाजू बळकट झाली होती. मी वकिलीणबाईच्या टेबलावर हात आपटला. “माणूस मेला म्हणजे त्याला हवं होतं तेही मेलं का?”

“बाई, बसा. दाव्यात मी पहिल्यापासून ‘स्वतःसाठी व पत्नीसाठी’ असं लिहिलंय.”

“तुला माहीत होतं असं होणार?”

“लिहावं लागतं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पाणी पुढे केलं. मग तिनं विचारलं, “आता तुम्ही वारस म्हणून पुढे याल. पण बाई, खरं सांगा, तुम्हाला हवंय घर?”

मी त्या प्रश्नाचं उत्तर वाटेत एसटीत देत राहिले, मनातल्या मनात. मला समुद्राचं काय? मी देशावरची, लग्न होईपर्यंत मला भरती-ओहोटी ठाऊक नव्हती. त्या घरातल्या एका खोलीत जाऊन मला काय मिळणार होतं? पण ज्या आवाजासाठी तो माणूस तीन वर्षं झुरला, तो त्याच्या वाटचा म्हणून तरी कोणीतरी ऐकायला हवा होता. ही गरज होती की ओढ, ते साहेबांनी ठरवावं. मी हवंय असं सांगितलं.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली. तलासरी, डहाणू, सगळीकडे भांडी खडखडायची, माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली झोपायची. एका धक्क्यानंतर माझा फोन वाजला. तो होता. “ताई, बाहेर आलात ना? घरात नका झोपू. आणि आपल्या घराला काही झालं नाही, मी फिरून बघितलं.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आपल्या घराला, असं म्हणाला होता. आपल्या म्हणजे कोणाच्या, ते मी विचारलं नाही. त्याची आई त्याच थंडीत वारली; मी भेटून आले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घराच्या ओट्यावर बसले. आत गेले नाही.

अखेर त्याच्या साक्षीचा दिवस आला. त्याच्या प्रतिज्ञापत्रात ठासून म्हटलं होतं, की वादीला त्या घरात राहायचं कधीच नव्हतं. दावा केवळ घर रिकामं करून घ्यायला. वकिलीणबाई उभी राहिली.

“दावा चालू असताना तुम्ही वादीच्या घरी जायचात?”

“हो.”

“तुमचं काय बोलणं व्हायचं?”

त्याचा वकील उठला, याचा दाव्याशी संबंध नाही म्हणाला. साहेब म्हणाले, उत्तर येऊ द्या.

“सर घराचं विचारायचे,” तो म्हणाला. “विहिरीचं, जांभळाचं, भिंतींचं.” इथे थांबला असता तरी चाललं असतं. त्याचा वकील त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. पण तो लाकडी कठड्यावर बोटं दाबून पुढे बोलला. “एका भाऊबीजेला सरांनी मला खाटेचं माप दिलं. सुतळीला गाठी मारून दिलं होतं. म्हणाले, पश्चिमेच्या खिडकीखाली ही खाट बसते का बघ, उशी खिडकीकडे करून. कपाट सरकवावं लागेल का तेही बघ. ताईला सांगू नको म्हणाले, ती हसेल.”

कोर्टात कोणी हसलं नाही.

“मग तुम्ही बघितलंत?” वकिलीणबाईचा आवाज मला ओळखू येईना.

“बघितलं. कपाट थोडं सरकवलं. बसते. सरांना फोन करून सांगितलं. सर म्हणाले, मग झालं तर.”

मला ठाऊक नव्हतं. सगळी वर्षं दोनच खोल्यांत राहिलो, त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, आणि हे दोघं माझ्या पाठीमागे खाट कुठे टाकायची ते ठरवत होते. मी हसले असते का? असते. मग रडले असते. मी तिथेच, बाकावर बसून, आवाज न करता रडले.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. वकिलीणबाईनं अडवायचा प्रयत्न केला, पण मी तिला बाजूला सारलं.

“माप घेतलंस, कपाट सरकवलंस, बसते म्हणून सांगितलंस. मग सोडलं का नाहीस रे घर?”

“आईला उचलून कुठे नेणार होतो, ताई? त्या खोलीत ती होती ने. कपाट सरकवलं तेव्हा विचारत होती, कोण येतंय म्हणून. मी म्हटलं, सर येतायत.” त्यानं तोंड पुसलं. “रोज वाटायचं, हिचं काय ते झालं की सरांना आणू. पण आधी सर गेले. मग वाटलं, आता कोणासाठी सोडू?”

“आणि मी कोण?”

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. त्याच्यावर ओरडायला मी मनात किती वर्षं शब्द जमवले होते, त्यातला एकही त्या वेळी उपयोगी पडला नाही.

निकाल २०१९ च्या ऐन पावसात लागला. वकिलीणबाईनं तो मला वाचून दाखवला. वादीची गरज खरी व प्रामाणिक होती आणि त्याच्या पत्नीच्या बाबतीत ती आजही कायम आहे, असं त्यात होतं. आणि प्रतिवादीच्या स्वतःच्या साक्षीवरून हे दिसून येते, असंही होतं. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तिनं वाचलं. मग ती गंजाडची पोर आपल्या खुर्चीतून उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. जिंकल्याचा आनंद म्हणतात तो मला काही सापडेना. ज्याला कळायला हवं होतं की तुझी गरज खरी ठरली, तो सोडून सगळ्यांना ते कळलं होतं.

“ताबा लगेच मागायचा?” तिनं विचारलं.

“पावसात कोणाला घराबाहेर काढत नाहीत,” मी म्हटलं.

“अपील करायची मुदत आहे त्यांना.”

“करणार नाही तो,” मी म्हटलं, आणि त्यानं केलं नाही.

दसरा झाल्यावर त्यानं फोन केला. तलासरीला हायवेजवळ खोली मिळाली होती. मी गेले तेव्हा सामान टेम्पोत चढलेलं होतं, त्याची बायको ओटा झाडत होती आणि तो विहिरीजवळ माझी वाट बघत होता. आम्ही दोघं घरातून फिरलो. खोल्या रिकाम्या होत्या. भिंती अजून सरळ होत्या. पश्चिमेच्या खोलीत मी उभी राहिले. ओहोटी असावी, काहीच ऐकू येत नव्हतं.

तो एकेक गोष्ट दाखवत होता. मोटर सुरू करायच्या आधी थोडं पाणी ओतावं लागतं. मागच्या दाराची कडी वर उचलून लावायची. स्वयंपाकघरातला एक पत्रा गळतो, तो त्यानं या पावसात डांबर लावून बुजवला होता. जांभळाची एक फांदी तारेवर येतेय, ती कापून घ्यावी लागेल. बोलत बोलत आम्ही ओट्यावर आलो. त्यानं किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि पायरी उतरला. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

काहीतरी राहून गेल्यासारखा तो मागे वळला.

“ताई, सरांना सांगा, यंदा भरतीचं पाणी कुंपणाच्या आत आलं नाही.”

त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला. त्याला आपलं बोलणं कळलं होतं, मलाही कळलं होतं. त्यानं ते परत घ्यायला तोंड उघडलं, तेव्हा मी घाईघाईनं मान हलवली.

“सांगते,” मी म्हटलं.